दोन घरांचं एक लग्न : मामाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

भाचीचं लग्न ठरलं. नवरदेवाचं घर कोलकात्यात, आमचं पुण्यात. लग्न पुण्याला आणि बौभात, म्हणजे मुलाकडचं स्वागताचं जेवण, कोलकात्याला, एवढं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं. मधलं सगळं जुळवायचं काम ताईनं माझ्यावर सोपवलं.

वहीत रकाने आखले. एकात विधी, दुसऱ्यात त्या वेळचं खाणं. तिसरा रकाना भाचीनं घालायला लावला : या विधीत मान कोणाचा? तिचं म्हणणं असं, की दोन पद्धती एकत्र आणताना लोक पहिल्यांदा विधी गाळायला बसतात, आणि विधी गाळला की त्यात उभं राहणारं माणूसही गाळलं जातं. तिकडची काकीमा (काकू), इकडची करवली, नवरीचा भाऊ, मामा. मला ते शंभर टक्के पटलं. पुढचा प्रत्येक निर्णय या तिसऱ्या रकान्याकडे बघून घ्यायचा.

२ जुलै

तारीख. आमच्याकडे दाते पंचांग, त्यांच्याकडे पंजिका. पंजिकाही दोन मतांच्या, गुप्तप्रेस आणि विशुद्ध सिद्धांत, आणि प्रत्येक घर आपापल्या पंजिकेला धरून. त्यांचे महिने सौर. अग्रहायण नोव्हेंबरच्या मध्याला लागतो, डिसेंबरच्या मध्याला संपतो, आणि पौष लागला की महिनाभर लग्नाचं नाव नाही. आमच्याकडे तुळशीचं लग्न लागल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा उरते ती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची.

खरी अडचण वेळेची होती. आमचा मुहूर्त सकाळचा, मग दुपारची पंगत. त्यांच्याकडे लग्न लागतं रात्री. ताईच्या सासूबाईंनी एका वाक्यात प्रश्न सोडवला : "गोरज धरा की!" सूर्यास्ताचा मुहूर्त आमच्याकडे गोरज म्हणून चालतो, त्यांच्याकडे गोधूली लग्न म्हणून. दोन्ही पंचांगांत बसणारी तारीख निघाली, ४ डिसेंबर. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो.

या एका निर्णयानं जेवण दुपारचं रात्रीवर गेलं. त्याचे परिणाम पुढे बरेच होणार आहेत, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

१९ जुलै

कार्यालय ठरलं. स्वयंपाकघर कार्यालयाचं, आचारी त्यांचेच, आणि आवारात शाकाहारच. तिकडे फोन केला तेव्हा नवरदेवाच्या मामांना बोलायला जरा वेळ लागला. बंगाली लग्नघरात मासा नाही ही गोष्ट त्यांना किती जड जात असेल हे मला कळतं. मासा तिकडे पक्वान्नापुरता नाही, तो शकुन आहे. गाये होलुदच्या, म्हणजे हळदीच्या, दिवशी मुलाकडून मुलीकडे अख्खा रोहू सजवून पाठवतात. त्यावर "आमच्याकडे चालत नाही" एवढंच सांगून फोन ठेवणं बरं नव्हे.

२७ जुलै

माशाचा मार्ग काकीमांनी दाखवला, आणि तो त्यांच्याच रीतीतला निघाला. तत्त्वाच्या तबकांमध्ये, म्हणजे मुलाकडून येणाऱ्या भेटींमध्ये, खव्याचा किंवा संदेशाचा मासा करून ठेवायची पद्धत तिकडे आहेच. साच्यात दाबून खवले उठवायचे, डोळ्याच्या जागी मनुका. म्हणजे भाचीच्या घरी येईल तो संदेशाचा रोहू. खरा रोहू वऱ्हाड उतरलेल्या बंगल्यावर येईल, शिजेल आणि तिथेच खाल्ला जाईल. कोणाच्या मनाला मुरड घालावी लागली नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या दृष्टीनं या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची. बंगालात निरामिष रांधपाची एक स्वतंत्र, भरलेली परंपरा आहे. कांदा-लसूणही नाही. त्यातलं पुष्कळसं विधवांनी उभं केलेलं. मासा-मांस, कांदा-लसूण, मसुरीची डाळसुद्धा ज्यांना वर्ज्य केली होती, त्या बायकांनी केळफुलाचा घोंटो, छेन्याचा डालना म्हणजे रस्सा, हरभऱ्याच्या डाळीच्या तळलेल्या वड्यांचा धोकार डालना असे पदार्थ रचले. आमची लग्नाची पंगतही कांदा-लसणाशिवायची. तेव्हा ४ तारखेच्या ताटात त्यांचं अर्धं ताट त्यांच्याच घरातलं असेल, आमच्या अटीपुरतं छाटलेलं नसेल.

यादीचा पहिला मसुदा. आमच्याकडून : वरणभात-तूप, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, जिलेबी. त्यांच्याकडून : लुची (मैद्याची पुरी), छोलार डाळ, बेगुन भाजा (तळलेले वांग्याचे काप), धोकार डालना, टोमॅटो-खजुराची चटणी आणि पापड, मिष्टी दोई (गोड दही), संदेश, रसगुल्ला.

बासंती पुलाव मी काढला. तोही पिवळाच, पण गोडसर, काजू-मनुकांचा. मसालेभाताशेजारी पानावर आला तर दोघांचीही चव मरते. तो बौभाताला ठेवू, तिथे त्याचा मान त्याला मिळेल.

१६ ऑगस्ट

गुरुजी आणि त्यांचे पुरोहित, ज्यांना सगळे ठाकुरमोशाई म्हणतात, यांची व्हिडिओ कॉलवर बैठक. मला धास्ती होती, पण दोघं संस्कृतात एकमेकांना विधी सांगू लागले आणि आम्ही बाकीचे गप्प बसलो. बराचसा गाभा एकच निघाला. पूर्वजांचं नांदीश्राद्ध इकडेही, तिकडेही. होम एकच. लाह्या दोन्हीकडे साळीच्या, आणि नवरीच्या ओंजळीत त्या घालणारा दोन्हीकडे तिचा भाऊ. सप्तपदी एकदाच. जे दोघांचं आहे ते दोनदा करायचं नाही, हा नियम ठरला. दोनदा केलं की पहिल्याचं वजन जातं.

कायद्याचंही बघून घेतलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की दोघांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीनुसार लग्न लागू शकतं, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. म्हणून सप्तपदी कोणत्या क्रमावर येते ते दोन्ही पुरोहितांच्या कागदावर सारखंच लिहून घेतलं.

दोन विधी गळले. कन्यादान नको, असं भाचीनं आधीच सांगितलं होतं. त्यांच्याकडचं संप्रदान त्याच अर्थाचं, म्हणून तेही नाही. दोन्ही पुरोहितांनी पाणिग्रहणावर भर द्यायचं मान्य केलं. ताईचे डोळे भरले, मेहुणे मात्र लगेच हो म्हणाले. दुसरी कनकांजली. निघताना मुलगी मागे न बघता आईच्या पदरात तांदूळ टाकते आणि ऋण फिटलं म्हणते. ती नको असं तिकडूनच आलं. नवरदेवाच्या आईनं स्वतःच्या लग्नात ती केली होती आणि तेव्हापासून ती त्यांना खुपत होती.

३० ऑगस्ट

आजचा दिवस सगळा एकाच प्रश्नावर गेला.

बंगालात मुलाची आई मुलाचं लग्न बघत नाही. वरात निघाली की ती घरीच थांबते. आमच्याकडे सूनमुख सासूशिवाय होत नाही : लग्न लागल्यावर सासू सुनेला जवळ घेऊन बसते आणि आरशात तिचं तोंड बघते. एका रीतीत जी बाई मांडवात असायलाच नको, तीच दुसरीत मांडवाच्या मधोमध. तिसऱ्या रकान्यात एकाच माणसापुढे दोन उलट नोंदी झाल्या.

आमच्याकडची तरुण मंडळी म्हणाली, जुनी समजूत आहे, त्यांना पुढच्या रांगेत बसवा. मी म्हटलं, ठरवायचं त्यांनी. आपण त्यांच्या वतीनं मोकळं होणं हीसुद्धा जबरदस्तीच. फोन भाचीनंच केला. त्यांनी रात्री उत्तर दिलं : पुण्याला नक्की येणार, पण सात पाक (नवरदेवाभोवतीचे सात फेरे), शुभदृष्टी (दोघांची पहिली नजरभेट), सिंदूरदान बघणार नाही, कारण त्यांच्या सासूबाईंनी ते पाळलं होतं आणि त्यांनाही पाळावंसं वाटतं. सगळं झाल्यावर सूनमुखाला बाहेर येतील. म्हणजे नवरीच्या वेषातली सून त्या पहिल्यांदा बघतील ती आरशात.

दोन्ही रीती मोडल्या नाहीत, आणि सूनमुखाला आमच्या घरात कधी नव्हता इतका अर्थ आला. लग्न लागेपर्यंत त्यांच्या सोबतीला आतल्या खोलीत ताईच्या सासूबाई बसणार आहेत. त्यांनी ते आपणहून मागून घेतलं. नातीच्या अक्षता चुकणार, तरी.

२१ सप्टेंबर

दुर्गापूजा होईपर्यंत तिकडून कोणताही निर्णय मागायचा नाही. आमच्याकडे गणपतीत जे होतं तेच.

१२ ऑक्टोबर

आचाऱ्यांबरोबर चवीचं जेवण. दोन्हीकडची मंडळी होती.

रात्रीच्या जेवणाचे परिणाम आता समोर आले. शुक्तो, तो कारलं, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, वड्या घातलेला दुधाळ, कडवट पदार्थ, बंगाली माणूस दुपारच्या भाताबरोबर पहिल्या घासाला खातो. रात्री नाही. म्हणून तो आदल्या दिवशीच्या दुपारी, दोन्ही घरं एकत्र जेवतील तेव्हा. डिसेंबरच्या रात्री मठ्ठा आमच्या म्हाताऱ्या माणसांना नको, म्हणून तोही त्याच दुपारी, जिलेबीसकट. जिलेबी लग्नाच्या पंगतीलाही राहील, पण गरम आणि मठ्ठ्याशिवाय.

छोलार डाळ आणि वरण यांत एक निवडा असं आचारी म्हणत होते. मी नकार दिला. वरण तुरीचं, साधं, भातावर तुपाच्या धारेसाठी. छोलार डाळ हरभऱ्याची, खोबऱ्याचे काप आणि तमालपत्र घातलेली, किंचित गोड, लुचीसाठी. कामं वेगळी आहेत. लुची मैद्याची आणि पांढरी राहिली पाहिजे, म्हणून तिची कढई आणि तेल वेगळं. बेगुन भाजाला मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून घ्यायचं, हे आचाऱ्यांना तिकडच्या काकांनी उभं राहून दाखवलं. तापवलं नाही तर तो उग्र वास सगळ्या पंगतीत पसरेल.

अळूची भाजी तिकडच्या आत्याबाईंनी दोनदा घेतली. त्यांच्याकडे अळूचं शाक घरोघर होतं. आमच्यातले शेंगदाणे, हरभरा डाळ आणि चिंच-गूळ त्यांना नवीन. धोकार डालन्याबद्दल आमच्या काकांचं मत : "ही तर रश्श्यातली पाटवडी." खूण पटली की जेवण सोपं होतं.

सगळ्यात जास्त चर्चा वाढपाच्या क्रमाची. बंगाली जेवण पुढे सरकत जातं : डाळ-भाजी, मग मुख्य पदार्थ, मग चटणी-पापड, गोड अगदी शेवटी. आमच्या पंगतीत सगळं पानावर आधी मांडलेलं, डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आणि गोड जेवणाच्या मध्येच आग्रहानं फिरतं. दोन्ही एकाच वेळी वाढलं तर बंगाली पाहुण्याला जिलेबी आली म्हणजे जेवण संपलं असं वाटणार. वाढप्यांसाठी क्रम लिहून भिंतीवर लावला. पान मांडायचं आमच्या पद्धतीनं. पहिली लुची, छोलार डाळ, बेगुन भाजा. मग वरणभात, अळू. मग मसालेभात, धोकार डालना आणि जिलेबीचा आग्रह. मग चटणी-पापड, आणि इथे थोडं थांबायचं. शेवटी दोई, रसगुल्ला, संदेश. यादीपेक्षा हा क्रम जास्त महत्त्वाचा आहे. कोणाचा पदार्थ कोणाच्या आधी येतो यावर पाहुण्याला आपलं घर दिसतं किंवा दिसत नाही.

८ नोव्हेंबर

भाचीची केळवणं सुरू. तिकडे नवरदेवाचे आइबुडोभात. रीत तीच : लग्नाआधी नातलगांनी घरी बोलावून आवडीचं जेवू घालायचं. माझ्याकडच्या केळवणाला दोघंही आले. बायकोनं पुरण घातलं होतं. एक वाटी कोलंबीची आमटी नवरदेवासाठी वेगळी.

२२ नोव्हेंबर

मांडवात मुलीला आणायचं कोणी? आमच्याकडे गुरुजी हाक देतात आणि मामा तिला गौरीहरापासून घेऊन येतो. त्यांच्याकडे तिला पिडीवर, म्हणजे पाटावर बसवून भाऊ उचलतात आणि नवरदेवाभोवती सात फेरे घालतात. तिनं तोंड विड्याच्या पानांनी झाकलेलं. तोडगा : गौरीहरापासून पाटापर्यंत मी, पुढे भाऊ. अष्टपुत्री मी आणलेली नेसून ती गौरीहर पुजेल, मग लाल बनारसी नेसून पाटावर.

आज चार भावांची तालीम झाली. घरातला सागवानी पाट घेतला, खालून दोन आडव्या पट्ट्या मारून. सात फेऱ्यांना दहा मिनिटं धरायला हवीत. मग अंतरपाट. इथे दोन्ही पुरोहित आणि मी बराच वेळ बसलो होतो, कारण पानं आणि अंतरपाट यांचं काम एकच : तोंड झाकणं, आणि नेमक्या क्षणी दिसू देणं. एकामागून एक केलं तर दुसऱ्यात काही उरत नाही. म्हणून एकत्र. फेरे संपले की पाट नवरदेवासमोर खाली, मध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं सुरू, पानं तोंडावर तशीच. शेवटच्या सावधानाला अंतरपाट बाजूला आणि त्याच क्षणी पानं खाली. तीच शुभदृष्टी. अक्षता, सनई, शंख, उलूध्वनी (बंगाली बायका जीभ हलवून काढतात तो मंगल नाद) एकदम. मग माळा.

त्यासाठी मंगलाष्टकं पाचच. आमच्याकडे स्वतः रचून म्हणणाऱ्या तीन आत्या आहेत. तिघींनाही जागा दिली, बाकीची दोन गुरुजींची.

१ डिसेंबर

आझाद हिंद एक्सप्रेसनं वऱ्हाडाची पहिली तुकडी आली. टोपोर, म्हणजे नवरदेवाचा मुकुट, मांडीवर घेऊन आले होते. शोल्याच्या भेंडाचा, बोट लागलं तरी दबेल असा. मुंडावळ्या कपाळावर आणि टोपोर त्याच्या वर, दोन्ही बसतात हे करून पाहिलं. सोबत नव्या हंगामाचा नोलेन गूळ, मडक्यात. पुण्यातल्या बंगाली मिठाईवाल्याकडे पोचवला, निम्मे संदेश त्याचे होतील.

३ डिसेंबर

दुपारी शुक्तो, भात, जिलेबी-मठ्ठा. संध्याकाळी सीमांतपूजन. नवरदेवाबरोबर त्यांच्याकडचा नितबर, सहा वर्षांचा, हुबेहूब नवरदेवासारखा सजलेला. आमची करवली त्याला घेऊन फिरत होती.

४ डिसेंबर

पहाटे उजाडायच्या आत दोघांना आपापल्या जागी दही-पोहे. दधिमंगल. त्यानंतर लग्न लागेपर्यंत उपास. फळं आणि सरबत मात्र दोन्ही आयांनी चालवून घेतलं.

सकाळी नवरदेवाला हळद लागली आणि त्याची उष्टी हळद तत्त्वाच्या तबकांबरोबर आमच्याकडे आली. हे आमच्याकडेही असंच, त्यामुळे कोणाला काही समजवावं लागलं नाही. संदेशाच्या माशाला नथ घातली होती. खास आमच्यासाठी, मराठी नथ.

साडेपाचला मी भाचीला गौरीहरापासून उठवलं. पाट उचलला गेला तेव्हा काकीमांनी शिकवलेल्या आमच्या मुलींनी उलू दिला आणि तो चांगला दणदणीत लागला. फेरे वेळेत. पाचवं मंगलाष्टक संपलं, गुरुजींनी अंतरपाट ओढला, तिनं पानं खाली घेतली. मी तिच्या मागे उभा होतो, तिचा चेहरा मला दिसला नाही. नवरदेवाचा दिसला. अक्षता कधी टाकल्या ते आठवत नाही.

होम, लाह्या, सप्तपदी, सिंदूर, मंगळसूत्र. हातात हिरवा चुडा आणि त्याच्या आत शाखा-पोला, म्हणजे शंखाच्या पांढऱ्या आणि लाल बांगड्या. कानपिळीला तिच्या भावानं नवरदेवाचा कान जरा जास्तच धरून ठेवला.

मग खोलीचं दार उघडलं. दोघी बाहेर आल्या, ताईच्या सासूबाईंच्या हातात आरसा होता. नवरदेवाच्या आईनं भाचीला शेजारी बसवून घेतलं आणि आरशात बघतच राहिल्या. फोटोवाला घाई करत होता, त्याला ताईनं थांबवलं.

पंगत नऊला. वाढप क्रमानं झालं. चटणी-पापडानंतर थांबायचं ते वाढपी नीट थांबले. लुची कमी पडेल म्हणून मी कढईपाशी होतो, पण कमी पडला तो मसालेभात. तिकडच्या मंडळींनी ओलं खोबरं आणि तूप घालून परत परत मागितला.

११ डिसेंबर, कोलकाता

बौभात. आमचं रुखवत पुण्यात मांडलं नाही, तसंच बांधून इथे आणलं, कारण या दिवशी मुलीकडून मुलाकडे फुलशय्येचं तत्त्व येतं. करंज्या, लाडू, चिवडा, विणलेली तोरणं, सगळं त्यांच्या तबकांच्या ओळीत मांडलं गेलं.

दुपारी भात-कापड. नवरा बायकोला ताट आणि साडी देऊन अन्नवस्त्राची जबाबदारी घेतो. भाचीनंही त्याला ताट आणि धोतर दिलं. मग तिनं घरातल्या वडीलधाऱ्यांना भात-तूप वाढलं. रात्री भेटकी पातुरी (पानात गुंडाळून शिजवलेला मासा), चिंगडी मलाईकरी (नारळाच्या दुधातली कोलंबी), कोशा मांगशो (मटण) आणि आमचा थांबवून ठेवलेला बासंती पुलाव. शाकाहाऱ्यांची पंगत वेगळ्या दालनात, वेगळ्या भांड्यांची, स्वयंपाकीही वेगळा. नवरदेवाचे मामा स्वतः तिथे वाढायला उभे होते.

१८ डिसेंबर

हिशेब मिटवले. पाट परत घरी आला, पट्ट्या काढल्या नाहीत, धाकट्या भाचीला लागेल. अळूच्या भाजीची कृती आत्याबाईंना पाठवली : चिंच आधी घालू नये, पानं पूर्ण शिजल्यावर घालावी, नाहीतर खाज राहिल्याचं उशिरा कळतं. त्यांनी धोकार वड्यांचं प्रमाण कळवलं आहे. वाटलेली डाळ कढईत इतकी परतायची की गोळा सुटून आला पाहिजे, मग थापायची. रविवारी करून बघतोय.